खिडकीच्या वरची पायरी

मित्रांनो, मी एक जुनी टिचकी आहे. कपाळावर मारतात ती नव्हे. मुठीत मावणारी, पत्र्याच्या अंगाची, डोक्यावर एक बटण आणि पोटात आकड्यांच्या चार चकत्या असलेली मोजणीची टिचकी. अंगठ्याने बटण दाबले की ‘टिच’ असा आवाज होतो आणि आकडा एकाने वाढतो. कागदोपत्री माझे नाव ‘हातमोजणी यंत्र, नग एक’ असे आहे, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही.

मला एकच काम येते. मी पुढे मोजते. मागे मोजणे मला येत नाही, कारण मला घडवणाऱ्यांना तशी गरज कधी वाटली नव्हती. माझ्या कुशीला एक छोटा कान आहे. तो पिळला की चारही चकत्या गरगर फिरून शून्यावर येतात. म्हणजे एक तर वाढत राहायचे, नाहीतर सगळेच पुसून टाकायचे. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे चकत्या बसवायला एक चष्मेवाल्या मावशी होत्या. तयार झालेली प्रत्येक टिचकी त्या दहा वेळा दाबून बघत आणि खोक्यात ठेवताना म्हणत, “जा बाई, खरं बोल.” दिवसाला दोनशे टिचक्यांना त्या हेच सांगत. बाकीच्या एकशे नव्याण्णव बहिणींचे काय झाले मला ठाऊक नाही. मी मावशींचा शब्द पाळला असेच मला बरीच वर्षे वाटत होते.

पहिली नोकरी मी एका नावाड्याकडे केली. नदीच्या या काठावरून त्या काठावर तो माणसे नेई आणि होडीत चाळिसाच्या वर एकही माणूस घेत नसे. एकदा चाळीस भरल्यावर त्याचा सख्खा मेहुणा धावत आला आणि ऐटीत होडीत चढला. नावाड्याने मला त्याच्या नाकासमोर धरले आणि त्याला उतरवले. मेहुणा वर्षभर त्याच्याशी बोलला नाही, बायकोही महिनाभर घुश्शातच होती. नावाड्याने दोन्ही निमूट सोसले. मला मात्र तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला. होडीत चढलेला माणूस मध्येच उतरत नाही, म्हणून माझा आकडा तिथे नेहमी खरा ठरे. त्यात माझे काही कर्तृत्व नव्हते, हे मला फार उशिरा समजले.

पुढे नदीवर वीजघरासाठी मोठा बंधारा आला. बंधाऱ्यावरून रस्ता गेला आणि होडी काठावर उलटी पडली. नावाड्याने मला नदी खात्याच्या कचेरीत जमा केले. तिथे एका खणात, वाळलेल्या शाईच्या बाटलीशेजारी मी किती वर्षे काढली, ते मोजायला माझे बटण दाबणारे कुणी नव्हते.

बंधारा आला त्या वर्षापासून नदीतले मासे आटले. सगळे नव्हेत, चढणीचे. हे मासे नदीत वरच्या अंगाला जन्मतात, बोटाएवढे झाले की समुद्रात जातात, आणि चार-पाच वर्षांनी अंगाने भरून त्याच नदीत अंडी घालायला परत येतात. चंदेरी अंग, कल्ल्यामागे काळसर ठिपक्यांची रांग, पोटाची कड करवतीसारखी, आणि अंगात काटे म्हणाल तर मोजायला मीसुद्धा थकेन. थंडी सरून पाणी कोमट व्हायला लागले की आठ आठवडे ते येत राहतात. नदीत शिरल्यावर ते जवळजवळ काहीच खात नाहीत. समुद्रात अंगावर चढवलेली चरबी हीच त्यांची वाटेची शिदोरी. ती संपण्याआधी वरच्या संथ पाण्यात पोचायचे, अंडी सोडायची, एवढाच त्यांचा हिशोब. आता त्यांच्या वाटेत भिंत उभी होती.

लोकांनी बरीच वर्षे अर्ज केले, तेव्हा कुठे खात्याने भिंतीच्या कडेने माशांसाठी वाट बांधली. सिमेंटचा अरुंद कालवा, त्यात पायऱ्या, आणि पायऱ्यांवरून वाहणारे पाणी. माशाने एकेक पायरी चढत वर जायचे. वाटेच्या वरच्या टोकाला, पाण्याच्या पातळीखाली, एक ओलसर खोली केली. खोलीच्या भिंतीत जाड काच बसवली. तिच्यासमोर बसून किती मासे वर गेले ते मोजायचे होते. म्हणून मला खणातून काढले, माझ्या सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडले आणि सही घेऊन मोजणीबाईंच्या ताब्यात दिले.

मोजणीबाईंचे वय तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. बंधाऱ्याखालच्या वस्तीत त्या म्हातारे वडील आणि धाकटा भाऊ यांच्याबरोबर राहत. वडील जाळी विणणारे. नजर जवळजवळ गेली होती, पण बोटे तयार होती. भाऊ मासेमार. नदीत जाळे टाकायला बंदी आल्यापासून तो वीजघराच्या आवारात गवत कापण्याचे काम करी आणि घरी आला की कुणाशी धड बोलत नसे. त्याची जाळी ओसरीच्या आढ्याला टांगलेली होती. म्हातारा दर महिन्याला ती खाली घेऊन चाचपून बघे, उंदराने कुरतडलेले चार डोळे, म्हणजे जाळ्याची घरे, पुन्हा विणी आणि परत टांगून ठेवी. हे सगळे मला माहीत आहे, कारण मी हरवू नये म्हणून बाई मला दोरीने गळ्यात अडकवून रोज घरी नेत.

बंदी उठण्याची अट नदी खात्याच्या साहेबांनी कचेरीतल्या फळ्यावर लिहून ठेवली होती. ज्या वर्षी दहा हजार मासे खिडकीवरून वर जातील, त्याच्या पुढच्या वर्षी जाळी उघडायची. पहिल्या वर्षी माझ्या तोंडावर चार हजार आले. दुसऱ्या वर्षी सात हजार. भाऊ रोज संध्याकाळी ओसरीवर वाट बघत बसलेला असे. बाई दिसल्या की आधी त्याची नजर माझ्यावर जाई.

“ताई, आज किती?”

“दोनशे बारा.”

“कालच्यापेक्षा जास्त!” असे म्हणून तो उठे, आढ्याच्या जाळ्याला हात लावी आणि मग जेवायला बसे. त्या दिवसांत तो हसायला लागला होता. म्हातारा म्हणे, “आकड्यानं पोट भरतंय वाटतं याचं,” पण तोही मनातून सुखावलेला दिसे. आणि मित्रांनो, मीही सुखावले होते. आकडा वाढला की मला गुदगुल्या होत.

तिसऱ्या वर्षी बाईंना ‘फाटकी’ भेटली.

ती एक मादी होती. पोट अंड्यांनी तट्ट फुगलेले आणि शेपटीचा खालचा तुकडा कशाने तरी फाटलेला. सकाळी ती खिडकीवरून वर गेली. टिच. तासाभराने ती पुन्हा वर गेली. टिच. बाई काचेला नाक लावून बघत राहिल्या. दुपारच्या आधी तीच फाटकी तिसऱ्यांदा वर गेली आणि थोड्याच वेळात शेपटीकडून उलटी, पाण्याबरोबर घसरत, खिडकीसमोरून खाली गेली.

बाई उठल्या आणि लोखंडी शिडीने वर जाऊन त्यांनी कालव्यात वाकून पाहिले. खिडकीच्या वर अजून एक पायरी होती, अगदी शेवटची. खिडकीची खोली खडकामुळे एक पायरी खालीच बांधावी लागली होती, आणि जागा कमी पडली म्हणून उरलेली सगळी उंची त्या एका पायरीत कोंबली होती. बाकीच्या पायऱ्यांहून ती चांगली हातभर उंच. उड्या मारणाऱ्या माशांना ती काहीच नव्हती. पण हे मासे उड्या मारणारे नव्हेत, ते पाण्यातून पोहत चढणारे. नदी भरून वाहत असली तर एखादा दांडगा मासा जेमतेम वर जाई. बाकीचे धडकत, दमत, घसरत खाली येत आणि पुन्हा चढायला लागत. पुन्हा खिडकी. पुन्हा टिच.

त्या वर्षी नदीला पाणी कमी होते. पाणी जितके कमी तितकी पायरी उंच. पायरी जितकी उंच तितके घसरणारे जास्त. आणि घसरणारे जितके जास्त तितका माझा आकडा मोठा. मला ज्याच्या गुदगुल्या होत होत्या, ते हे होते.

बाई साहेबांकडे गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. चहा पुढे करूनच बोलायचा.

“साहेब, मासे परत खाली येतायत.”

“बाई, तुम्हाला काय मोजायला सांगितलंय?”

“वर जाणारे.”

“मग खाली येणारे कशाला मोजता? नमुन्यात तसा रकानाच नाही. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका, चहा घ्या.”

बाई चहा न घेता खाली आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून जाळ्याच्या दोऱ्याचे एक रीळ आणले. उजव्या हाताने त्या मला दाबत, आणि खाली घसरणाऱ्या माशांसाठी डाव्या हाताची बोटे मिटत. दहा झाले की दोऱ्याला एक गाठ. गाठ त्या एका हाताने आणि दातांनी मारत, एवढी सफाई जाळीवाल्याच्या लेकीलाच जमते. म्हातारा जाळ्याचे डोळे असेच मोजायचा, दहाला एक गाठ. एकदा साहेब खोलीत डोकावले आणि म्हणाले, “काय बाई, ड्यूटीवर विणकाम?” बाईंनी दातांनी पुढची गाठ आवळली. मी आणि ती दोरी शेजारी शेजारी लोंबकळत होतो. मला जे येत नव्हते ते त्या साध्या दोऱ्याला येत होते, आणि खरे सांगते, मला त्याचा राग आला होता.

आठव्या आठवड्यात मी नऊ हजार नऊशे नव्याण्णवावर पोचले. बातमी आधीच वर गेली होती. साहेब, वीजघराचे दोन अधिकारी, सगळे त्या ओलसर खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. एक मासा काचेसमोर आला, बाईंचा अंगठा थोडा घुटमळला आणि मग टिच झाले. टाळ्या पडल्या. साहेबांनी मला उंच धरले आणि फोटो काढून घेतला. माझ्या पोटात चारच चकत्या आहेत, त्यामुळे दहा हजाराला माझ्या तोंडावर चार शून्ये आली होती. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या मानाच्या क्षणी मी काहीच दाखवत नव्हते, आणि ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

हंगाम संपला तेव्हा कागदावर आकडा होता दहा हजार चारशे बारा. दोरीला गाठी होत्या नऊशे एकतीस. तुम्हाला गणित येत असेल तर वजाबाकी करून बघा. मला ती येत नाही.

पंधरा दिवसांनी कचेरीच्या दालनात सभा झाली. खालच्या वस्तीतले सगळे मासेमार आले होते. पहिल्या रांगेत भाऊ बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, ओले केस चापूनचोपून बसवून. साहेबांनी आकडा वाचला, माशांची वाट यशस्वी झाल्याचे सांगितले, तिच्यात आता काही दुरुस्ती लागणार नाही असेही सांगितले. मग विचारले, “कुणाला काही म्हणायचंय?”

बाई भिंतीकडेला उभ्या होत्या. दोरी त्यांच्या पिशवीत होती. त्यांचा हात पिशवीत गेला. तेवढ्यात भावाने मागे वळून बहिणीकडे पाहिले आणि हसून, हवेत अंगठा दाबून दाखवला. टिच. जणू हे सगळे तिनेच त्याला मिळवून दिले होते.

बाईंचा हात बाहेर आला तेव्हा त्यात रुमाल होता. त्यांनी तोंड पुसले आणि त्या गप्प उभ्या राहिल्या. मला त्या नावाड्याचा मेहुणा आठवला. पण मी कोण त्यांना बोल लावणारी? फळ्यावर तो आकडा लिहिला गेला तो माझ्याच तोंडचा होता.

पुढच्या वर्षी जाळी उघडली. बंधाऱ्याच्या पायथ्याशी, माशांच्या वाटेच्या तोंडाशी, घसरून आलेले मासे घोळक्याने फिरत असत, आणि सगळ्यांनी जाळी टाकली ती नेमकी तिथेच. पहिल्या दिवशी भावाच्या होडीत उभे राहायला जागा उरली नाही. वस्तीत अकरा दिवस आनंदीआनंद होता. भाऊ रोज एक मासा निवडून घरी आणी. अकराव्या दिवशी म्हाताऱ्याने तो मासा मांडीवर घेतला, पाठीवरून बोटे फिरवली, पोट दाबले.

“याच्या अंगावर चरबी नाही रे. बरगड्या लागतायत हाताला.”

“बाबा, मासा तो मासा. खा गुपचूप.”

“आणि पोटात अंडी तशीच. हा मासा समुद्रातून आत्ता आलेला नाही. हा दमलेला आहे. कुठे दमला?”

बाई चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या. बाराव्या दिवशी जाळी रिकामी वर आली, तेराव्या दिवशीही. त्या वर्षी मी सहाशेवर थांबले. त्याच्या पुढच्या वर्षी नव्वदवर. बंदी पुन्हा आली, पण आता ती कुणाला जाचत नव्हती, कारण बंदी घालावी असे नदीत काही उरलेच नव्हते.

त्या नव्वदाच्या वर्षी, हंगाम संपल्यावर, म्हातारा ओसरीवर बसून फाटके जाळे चाचपत होता. दोरा संपला म्हणून त्याने हात लांब करून लेकीची खुंटीवरची पिशवी ओढली. रीळ शोधता शोधता ती दोरी त्याच्या हाती आली. बाई पाणी घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्याची बोटे गाठीगाठीवरून चालली होती. तो मोजत होता. बाईंना हातातला तांब्या खाली ठेवायचेही सुचले नाही. नऊशे एकतीस गाठी मोजायला वेळ लागतो, मित्रांनो. बाई तितका वेळ तशाच उभ्या राहिल्या.

“या गाठी दहाच्या ना गं, पोरी?”

“हो.”

“कशाच्या?”

“वरून परत खाली आलेल्या माशांच्या.”

“कधीच्या?”

“दहा हजार झाले त्या वर्षीच्या.”

म्हाताऱ्याने दोरी मांडीवर ठेवली. “म्हणजे सभेच्या आधीच्या,” तो म्हणाला. बराच वेळ तो आपल्या बोटांकडे बघत होता, जरी त्याला ती दिसत नव्हती. मग म्हणाला, “आता तरी दाखव त्यांना.”

“आता काय उपयोग, बाबा?”

“उपयोग नसू दे. खोटा आकडा भिंतीवर राहू देऊ नये. नदीला तोंड कसं दाखवायचं?”

तो रागावला असता तर बाईंना बरे वाटले असते. त्याने सुई जाळ्यात खोचली, जाळे गुंडाळले आणि पुन्हा कधी ते हातात घेतले नाही.

भावाला बाईंनी स्वतःच सांगितले. तो दूरच्या बंदरावर कामाला निघाला होता, तिथल्या शीतगृहात दुसऱ्यांनी पकडलेले मासे साफ करायला. पेटीचे कुलूप लावता लावता त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “ताई, त्या दिवशी तू दोरी काढली असतीस ना, तर मीच ती तुझ्या हातातून ओढून पाण्यात फेकली असती. हे मला ठाऊक आहे. म्हणून तुझ्यावर नीट रागावताही येत नाही.” पेटी उचलून तो गेला. अंगठा दाबून दाखवायचे राहू द्या, त्याने वळूनही पाहिले नाही. त्या हिवाळ्यात म्हातारा वारला. आढ्याची जाळी कुणीतरी भोपळ्याच्या वेलाला आधार म्हणून मागून नेली.

बाईंनी तरीही दोरी दाखवली नाही. एकदा गिळलेला शब्द पुन्हा तोंडात आणणे फार कठीण असते. रोज त्या पिशवीत दोरी घेऊन कचेरीचा जिना चढत, सही करत आणि तशाच खाली खोलीत येत.

त्यानंतरच्या वर्षी सात आठवडे काचेसमोरून नुसते पाणी गेले. आठव्या आठवड्यात एका सकाळी एक मासा आला. एकच. मादी होती, पोट भरलेले. बाई खुर्चीवरून अर्धवट उठल्या. टिच. माझ्या तोंडावर एक आला. ती वर गेली आणि पायरीला धडकल्याचा धप्प असा आवाज काचेतून आला. थोड्या वेळाने ती घसरत खाली गेली. पुन्हा आली. बाईंचा अंगठा बटणावर होता, पण त्यांनी दाबले नाही. पुन्हा धप्प. तिसऱ्या वेळी ती परत आली ती कुशीवर आडवी, कल्ले उघडे, आणि पाण्याने तिला एखाद्या पानासारखे काचेवरून सरकवत नेले. ती पुन्हा वर आली नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्या तोंडावर अजून एक होता. शून्य शून्य शून्य एक. त्यांनी चिमटीत माझा कान धरला आणि पिळला. चकत्या फिरल्या आणि मी शून्यावर आले. माझ्या आयुष्यातली ही एकुलती एक वजाबाकी. चष्मेवाल्या मावशींनी सांगितले होते ते मी त्या खिडकीसमोर त्या दिवशी पहिल्यांदा केले.

मग बाई जिना चढून वर गेल्या आणि त्यांनी दोरी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी सगळे ऐकले. भिंतीवरच्या चौकटीतल्या फोटोकडे एकदा पाहिले, ज्यात मी उंच धरलेली होते.

“हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत. सगळ्यांसमोर विचारलंत तेव्हा मी बोलले नाही. आता वाटून घ्यायचं असेल तर अर्धं तुमचं, अर्धं माझं.”

साहेबांनी त्या दिवशी चहा मागवला नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन गवंडी आले. त्यांनी कालव्याचे पाणी अडवले, ती पायरी हातभर फोडली आणि तिच्या दोन सोप्या पायऱ्या केल्या. चार दिवसांचे काम. निघालेले सिमेंट एका हातगाडीत मावले. गवंड्यांपैकी एकाने घाम पुसत विचारले, “एवढ्यासाठीच बोलावलं होतं?” बाई हो म्हणाल्या आणि खाली आल्या.

आता ती वाट सोपी आहे. पाणी इतके हळुवार उतरते की लहानसा मासाही चढून जाईल. पण वरच्या संथ पाण्यात गेली कित्येक वर्षे पुरेशी अंडी पडली नाहीत, आणि जे मासे तिथे जन्मलेच नाहीत ते तिथे परत कसे येणार? चौकटीतला फोटो साहेबांनी निवृत्त होण्याआधी उतरवला. दोरी मात्र खोलीत खिळ्याला लटकते आहे. ओलीने तिच्या गाठी आता घट्ट झाल्या आहेत. मी तिच्या शेजारी असते. मला तिचा राग येत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी काहीतरी मोजायला बसाल. तुम्हाला सांगतील की पुढे जाणारेच मोजा, मागे येणाऱ्यांसाठी कागदावर जागा नाही. तेव्हा एक दोरा जवळ ठेवा आणि मागे येणाऱ्यांसाठीही गाठ मारा. आणि गाठ मारून पिशवीत ठेवू नका. कुणाला काही म्हणायचे आहे का असे विचारतील तेव्हा, पहिल्या रांगेत तुमचे कुणीही बसलेले असू दे, ती बाहेर काढा. माझ्या बाईंनी काढली तेव्हा तीन वर्षे उशीर झाला होता.

पाणी कोमट व्हायला लागले की बाई अजूनही येतात. आता त्यांचेही केस पिकले आहेत. आठ आठवडे त्या रोज सकाळी खुर्ची पुसतात, काच पुसतात, मला मुठीत घेतात आणि समोर बघत बसतात. संध्याकाळी मला परत खिळ्याला अडकवताना त्या कागदावर शून्य लिहितात. दिवसभर त्यांचा अंगठा माझ्या बटणावर असतो. मला त्याचे वजन जाणवते. तो खाली दाबला जावा म्हणून मी वाट बघते, आणि तो दाबला जात नाही.